तीन रेघा

१ ऑक्टोबर, बुधवार

आज खंडेनवमी. पूजेआधी वर्कशॉपमधली सगळी हत्यारं खाली उतरवली. सिलिंडरचं झिजलेलं भोक कापून मोठं करणारं बोअरिंग मशीन आईने पुसलं, कारण ते तिच्याच दागिन्यांवर आलं होतं आणि हे ती दर वर्षी सांगते. मापाची हत्यारं नेहमीप्रमाणे माझ्याकडे. त्यातली मुख्य म्हणजे पंचाहत्तर मिलिमीटरची पोलादी रिंग. गेजचा काटा आधी हिच्यात घालून शून्यावर आणायचा आणि मग इंजिनच्या सिलिंडरचं भोक मोजायचं. आमच्याकडचं प्रत्येक माप या रिंगवरून निघतं. मी सहा वर्षांची असल्यापासून दर खंडेनवमीला ती पॉलिश पेपरने घासते, आतून तोंड दिसेपर्यंत. यंदा बावीस वर्षं झाली. घड्याळ वाचायच्या आधी मला बाबांनी मायक्रोमीटर वाचायला शिकवलं, त्यामुळे हे काम मी कुणाला देत नाही.

आरती चालू असतानाच भिमाजी आले. भोसरीला त्यांचं भंगाराचं गोदाम आहे. प्रसाद घेऊन म्हणाले, "मारुतभाऊ, आता कोण इंजिनं बोअर करतंय? अख्खं इंजिनच बदलतात लोक. मशीन लोखंडाच्या भावात द्या, आज उचलतो."

बाबा म्हणाले, "दिवाळी होऊ दे."

बाबांचं ठरलं आहे बहुतेक. दिवाळीनंतर भाव चढेल असा त्यांचा हिशेब असावा. मशीन गेलं की थेरगावातल्या आमच्या घराला लागून असलेल्या या गाळ्यात मोमोजचं दुकान येईल. मला चाकणला एका कंपनीत, मापाची हत्यारं तपासणाऱ्या गेज रूममध्ये नोकरी आहे, त्यामुळे उपाशी कुणी मरणार नाही. तरी दिवसभर कशात मन लागलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

पुनावळ्याचे एक स्वानंद म्हणून आले. आयटीत आहेत. तेराशे सीसीची जुनी पेट्रोल गाडी घेतली आहे आणि तिची ताकद वाढवून हवी आहे.

"काका, बजेट साठ हजार आहे. बायकोला सर्व्हिसिंग सांगितलंय."

"साठ हजाराचं सर्व्हिसिंग?" बाबा म्हणाले.

"तिला वीस सांगितलंय."

मी लगेच सांगितलं की बिल पूर्ण रकमेचंच मिळेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना विचारलं, "ह्या कोण?"

"पोरगी माझी. मापं हीच बघती."

त्यांचा जुन्या गाड्यांचा क्लब आहे. मार्चमध्ये चाकणच्या पुढे एका खासगी ट्रॅकवर वेळ लावून गाड्या पळवणार आहेत. तिथे यांची गाडी बरी पळाली तर आणखी सहा गाड्या आमच्याकडे येतील. सात इंजिनं म्हणजे वर्षभराचं काम. मग भिमाजींना मशीन द्यावं लागणार नाही. मी हो म्हणून टाकलं आणि नंतर बाबांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

माझी साप्ताहिक सुट्टी. मोशीला एका गॅरेजमध्ये गाडी रोलरवर चढवून ताकद मोजणारं यंत्र आहे, त्याला डायनो म्हणतात. गाडी आहे तशी मोजली: चाकावर बहात्तर हॉर्सपॉवर. स्वानंदांनी विचारलं, "किती होतील?" माझ्या तोंडून पंच्याऐंशी निघालं.

घरी येऊन तीनदा बेरीज केली. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, घासून दाब वाढवला की तीन, हवेचे मार्ग गुळगुळीत केले की तीन, झडपा उघडणारा जुना कॅम नव्याने ग्राइंड करून चार, सायलेन्सर मोकळा करून तीन. तेरा होतात. यातलं एकही मी स्वतः मोजलेलं नाही, वाचलेलं आहे.

"आकडा कशाला सांगितलास?" बाबा म्हणाले. "गाडी चांगली पळंल म्हणायचं."

"चांगली हे माप नाही, बाबा."

"गिऱ्हाइकाला तेवढंच कळतं."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हेडमधले हवेचे मार्ग हाताने घासायला चार गुरुवार गेले. केसांत अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. आई म्हणाली, "पाहुण्यांनी विचारलं मुलगी काय करते, तर काय सांगू? भोकं गुळगुळीत करते?"

हेडमधल्या, पेट्रोल जळतं त्या चारही खोल्या सारख्या आकाराच्या झाल्या का, ते बघायला सिरिंजने रॉकेल भरून मोजावं लागतं. मेडिकलवाल्याने विचारलं, पेशंट कोण. मी खरं ते सांगितलं. त्याने सुई काढून ठेवली आणि नुसती सिरिंज दिली.

भिमाजी येऊन गेले. बाबा म्हणाले, संक्रांत होऊ दे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज बोअरिंग. यात माझ्याकडून बाबांना जरा जास्त बोललं गेलं, म्हणून नीट लिहिते.

नवे पिस्टन मोठ्या मापाचे आहेत. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात चार शतांश मिलिमीटर फट हवी. मी कार्डावर तसं लिहून मशीनला टांगलं. बाबांनी गेज रिंगमध्ये घातलं, काटा शून्यावर आणला आणि मग तबकडी तीन रेघा मागे फिरवली. ते नेहमीच ती अशी थोडी मागे घेतात. लहानपणापासून बघत आल्यामुळे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. एक रेघ म्हणजे एक शतांश. आज मी विचारलं, "या तीन रेघा कशाच्या?"

"हाताची सवय हाय."

"सवय कार्डावर लिहिता येत नाही, बाबा. रिंगवर शून्य म्हणजे शून्य."

"टेंपोची शेकडो इंजिनं अशीच केली."

"टेंपोला कुणी आकडा दिला नव्हता. ही जबाबदारी माझी आहे."

बाबांनी थोडा वेळ रिंग हातात धरली, आतून अंगठा फिरवला. मग तबकडी पुन्हा शून्यावर आणली आणि म्हणाले, "बरं. तुझी गाडी, तुझं माप."

चारही सिलिंडर कापून झाल्यावर मी प्रत्येक तीन उंचीवर, दोन दिशांनी मोजला. चोवीस मापं, सगळी कार्डाप्रमाणे. बाबांना वाईट वाटलं असेल. पण आपल्या माणसाची सवय आहे म्हणून चालवून घेतलं तर मापाला काय अर्थ राहिला?

१ जानेवारी, गुरुवार

इंजिन सुरू झालं. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर नारळ. थंड असताना आतून भांडी घासल्यासारखा आवाज येतो, गरम झाल्यावर जातो. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बसंल हळूहळू."

स्वानंदांना पहिल्या पाचशे किलोमीटरचे नियम लिहून दिले: वेग कमी, इंजिनावर जोर नाही. ते म्हणाले, "मॅडम, मी रोज हिंजवडीला जातो. नियम मोडायची तिथे सोयच नाही."

२२ जानेवारी, गुरुवार

ऐंशी.

तीनदा रोलरवर घेतली. ऐंशी, एकोणऐंशी, ऐंशी. शिवाय इंजिनाच्या पोटातून तेलाची वाफ जास्त येते आहे, म्हणजे पिस्टनच्या कडेने दाब गळतो आहे.

डायनोवाला म्हणाला, "टेन्शन घेऊ नका ताई. हवामानाचा गुणक बदलतो, शहाऐंशी छापून देतो. सगळे घेतात." मी नाही म्हटलं. ऐंशी छापून घेतलं आणि स्वानंदांच्या हातात दिलं. ते कागदाकडे बघत राहिले. "शहाऐंशीचा पण द्या ना, नुसता ग्रुपवर टाकायला." मी त्यांना समजावलं. ते ऐकत होते की नाही, कळलं नाही.

बाबा रिक्षात एवढंच म्हणाले, "बहात्तरचे ऐंशी झाले की."

मी पंच्याऐंशी सांगितले होते. संक्रांत होऊन आठवडा झाला. भिमाजींना बाबांनी आता पाडव्यापर्यंत थांबायला सांगितलं आहे. एवढं ताणलं तर गिऱ्हाईक हातचं जाईल, हे बाबांच्या लक्षात येत नाही.

२८ जानेवारी, बुधवार

आठवडाभर सगळं पुन्हा तपासलं. कॅम बरोबर, हेड बरोबर, पिस्टन बरोबर. राहिलं फक्त भोक, आणि ते मी चोवीसदा मोजलं आहे. मोनिकाला सांगितलं. ती गेज रूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर असते.

"ज्या रिंगवर मोजलंस ती कधी मोजलीस?"

घरची रिंग कधीच मोजलेली नाही. कंपनीचं यंत्र खासगी कामाला वापरायचं नाही, हा माझा नियम आहे.

"पाच मिनिटांचं काम आहे गं. मी माझी बांगडी मोजली होती त्यावर."

हे मला माहीत नव्हतं. मी साहेबांना रीतसर अर्ज दिला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "मोज, पण हे असलं लिहून देऊ नकोस. कुठल्या फाइलला लावायचं तेच कळत नाही."

४ फेब्रुवारी, बुधवार

रिंगवर कोरलं आहे पंचाहत्तर. यंत्राने दाखवलं पंचाहत्तर आणि वर तीन शतांश. रिंग आतून झिजून मोठी झाली आहे. म्हणून तिच्यावर शून्य धरून कापलेलं प्रत्येक भोक तीन शतांश मोठं. चारऐवजी सात.

"केवढी चकचकीत आहे," मोनिका म्हणाली. "घासता की काय?"

गेज रूममध्ये मास्टर रिंगला हातमोज्याशिवाय हात लावला म्हणून मागच्या वर्षी मी एका ट्रेनीला मेमो दिला होता. तो मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी बाबांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घातली.

"तीनच का?" म्हणाले. "मला वाटलं यंदा चार झाले असतील."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आधी एक रेघ फिरवायचो. मग दोन. तू डिप्लोमाला गेलीस तवापासून तीन."

"मग मला घासू का दिलीत?"

"सहा वर्षांची होतीस. रिंग घेऊन पळत यायचीस, बाबा तोंड दिसतंय म्हणायचीस. काय सांगायचं तुला?"

"सांगायचं की. नवी रिंग घ्यायची. निदान झीज किती झाली ते दर वर्षी कुठे तरी लिहायचं. बावीस वर्षांत एक नोंद नाही, बाबा."

"लक्षात हाय ना माझ्या."

"आणि बोअरिंगच्या दिवशी? तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो की. सवय हाय म्हणालो. तू म्हणालीस, जबाबदारी माझी." मग म्हणाले, "घट्ट इंजिन मरतं, सैल मरत नाही. तुझी पहिलीच गाडी. सैल राहिली तर राहू दे म्हटलं."

मला इतका राग आला की रिंगच्या डब्यावर मार्करने "७५.०३" लिहून मी घरात निघून आले. माझं माप चुकलं, हे मी समजू शकते. पण कुणीतरी ते बघत उभं होतं आणि ते बाबा होते.

७ फेब्रुवारी, शनिवार

स्वानंदांना फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे किती सैल आहे?"

"तीन शतांश."

"मिलिमीटरचे?"

"हो."

"मॅडम, मी हा फोन घ्यायला मीटिंगमधून बाहेर आलोय."

मी म्हटलं, पुढच्या मापाचे पिस्टन घालून माझ्या खर्चाने पुन्हा करून देते. पण पिस्टन यायला सहा आठवडे, आणि मार्चची पंधरा तारीख त्याच्या आधी. ते म्हणाले, पळवून बघू. मी म्हटलं, चूक माझी आहे हे क्लबमध्ये सांगा. ते म्हणाले, बघू.

१५ मार्च, रविवार

ट्रॅकवरून आत्ताच आले. ऊन भयंकर होतं. बाबांनीही यायचं ठरवलं, आणि दिवसभर एका टायरवर बसून राहिले.

सकाळी आमची गाडी सुरू झाली तेव्हा तो भांड्यांचा आवाज ऐकून दोघे जण हसले. पहिल्या फेरीत आम्ही पाचवे. अकरा वाजता क्लबच्या प्रज्वलची गाडी, जी सगळ्यात वेगवान होती, सरळ रस्त्यावर बंद पडली. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. साडेबाराला दुसरी, तशीच. एकाचं हेड गॅस्केट गेलं. चौथ्याने दुपारी गाडी सावलीत लावली, ती संध्याकाळपर्यंत काढलीच नाही. स्वानंद मात्र सगळ्या फेऱ्या पळले. एकही फेरी फार वेगात नव्हती, पण एकही चुकली नाही. बेरजेत दुसरा नंबर आला.

मग सगळे माझ्याभोवती.

"ताई, ह्यात काय केलंय?"

मी म्हटलं, "काही केलेलं नाही. भोक तीन शतांश मोठं झालंय. चूक आहे ती."

"चूक," प्रज्वल म्हणाला आणि बाकीच्यांकडे बघून हसला. "बरोबर आहे, सांगू नका. आम्ही पण नसतं सांगितलं."

"मी खरंच सांगते आहे. माझी रिंग झिजलेली होती."

"काका, तुम्ही तरी सांगा."

बाबा म्हणाले, "हिनं केलंय. हिलाच विचारा."

आमची गाडी टिकली ती उष्णतेत पिस्टन फुगायला जागा होती म्हणून, एवढं मलाही कळतं. पण ती जागा मी ठेवली नव्हती.

१९ मार्च, गुरुवार

गुढी उभारली आणि दहा वाजता भिमाजी टेंपो घेऊन हजर. सोबत दोन माणसं आणि चेन पुली.

तीन दिवसांत सहा जणांचे फोन आले. प्रत्येकाला मी म्हटलं, इंजिन चार शतांशावर करून देईन, बरोबर मापाने. प्रज्वल म्हणाला, "बरोबर माप सगळीकडे मिळतं, ताई. तेच करून घेतलं होतं मी. तुमचं पाहिजे." मी नाही म्हटलं. म्हणजे सहाही गेले.

भिमाजींची माणसं मशीनच्या खालचे बोल्ट बघू लागली. आई चुलीवरचं तसंच टाकून दारात येऊन उभी राहिली. बाबा मशीनवर हात ठेवून होते. म्हणाले, "स्वरूपा, सांग ह्याला. नेऊ का नको."

"माझ्या सांगण्यावर आहे का ते?"

"काम करायचं का नाही, ते तूच ठरवणार ना?"

 चूक झाली तर ती कबूल करता येते. चूक ठरवून सहा वेळा करायची म्हणजे काय, याचं उत्तर मला कुणी शिकवलेलं नाही. शेवटी भिमाजींना म्हटलं, एक आठवडा द्या.

"तुम्ही बापलेक मला वर्षभर नुसते सण मोजायला लावताय," ते म्हणाले. पण पुरणपोळी खाऊन गेले.

बाबा संध्याकाळी खुशीत होते. सणामुळे असेल.

२४ मार्च, मंगळवार

उपाय सापडला. एक फॉर्म तयार केला: "या इंजिनाला सामान्यतः चार शतांश फट ठेवतात, हे मला सांगण्यात आले आहे. त्यामुळे ताकद थोडी कमी भरेल व थंड असताना आवाज येईल, हेही सांगण्यात आले आहे. तरी मला सात शतांश हवी आहे." खाली गिऱ्हाइकाची सही. मोनिकाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी असा कागद घेतात." हो, तसाच. सहाही जणांना पाठवला. सहाही जणांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मी कळवलं, सही लागेल.

२६ मार्च, गुरुवार

प्रज्वलच्या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा भाग, आला. त्याने फॉर्मवर न वाचताच सही केली, म्हणून मी त्याला तो मोठ्याने वाचून दाखवला. "ताई, माझ्या होम लोनचा कागदसुद्धा मला कुणी वाचून दाखवला नव्हता," तो म्हणाला. मग पुन्हा सही करून गेला.

मशीन लावलं. बाबांनी गेज रिंगमध्ये घातलं, काटा शून्यावर आणला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तीन रेघा मागे घ्या," मी म्हटलं. "रिंगची झीज."

त्यांनी घेतल्या.

"आता सात शतांशाला कापा."

"म्हंजे तीन मागं यायचं आणि तीन पुढं जायचं," बाबा म्हणाले. "रेघा न फिरवता चारला कापलं असतं तरी हितंच आलो असतो. मागच्या बारीला आलोच की."

"तेव्हा चुकून आलो होतो."

"आणि आता?"

"आता मापाने."

त्यांनी मशीन सुरू केलं. चारही सिलिंडर कापले. मी मोजले, प्रत्येक तीन उंचीवर, दोन दिशांनी. स्वानंदांच्या गाडीची खरी फट सात निघाली होती, हीही सात. एका शतांशाचाही फरक नाही. तरी आज मला हलकं वाटतं आहे. बाबांना ते समजावून सांगता येणार नाही.

दुपारी त्यांनी भिमाजींना फोन करून कायमचं नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना थोडं जड जाईल, भाव चांगला आला होता. पण ते फोनवर हसत होते.

शेवटी फॉर्म मागून घेतला आणि बराच वेळ वाचत राहिले. गिऱ्हाइकाच्या सहीशेजारी वर्कशॉपतर्फे सहीची जागा ठेवायला मी विसरले होते. ती चूक त्यांच्या लक्षात आली. त्यांनी पट्टी लावून तिथे एक रेघ ओढली, खाली "वर्कशॉपतर्फे" असं लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

सही नेहमी तेच करतात. एवढ्या बारीक जागेत जमणार नाही असं वाटलं असेल. मी केली.